पहिला कॅमेरा आणि दहा फुटांची खोली : प्रस्तावना

मध्यमवर्गीय मराठी घरात पहिला कॅमेरा बहुधा काहीतरी निमित्त धरून येतो. मुलाचे बारसे, मुलीच्या शाळेचे स्नेहसंमेलन, घरच्या गणपतीचे पंचविसावे वर्ष किंवा मे महिन्यातली ठरलेली सहल जवळ आली की तो घेतला जातो आणि निमित्त सरले की कपाटात जाऊन बसतो. प्रस्तुत पुस्तिकेचा विषय असलेले रोजचे छायाचित्रण याहून वेगळे आहे. सकाळी दारात रांगोळी काढणारी गृहिणी, गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया, संध्याकाळी गल्लीत रंगलेला क्रिकेटचा डाव, रात्री ओट्याशी चाललेली आवराआवर हे त्याचे विषय होत. त्यासाठी कुणाला उभे राहायला सांगितले जात नाही आणि त्याची वेळही आधी ठरवता येत नाही. अशा छायाचित्रणासाठीचा कॅमेरा लग्नाच्या किंवा सहलीच्या निकषांवर निवडला, तर त्यावर खर्च केलेले पैसे बहुतांशी वाया जातात. नवशिक्याने आधी आपली खोली, आपली गल्ली आणि तिथला उजेड नीट पाहावा व मग दुकानाची पायरी चढावी, असे या पुस्तिकेचे प्रतिपादन असून ते हवेत राहू नये म्हणून मुंबईच्या पश्चिम उपनगरांतील चारकोप ही एकच वस्ती उदाहरणादाखल घेऊन तिच्या मापाने सर्व विवेचन केले आहे.

चारकोप हे कांदिवली पश्चिमेला, खाडीकाठच्या तिवरांच्या अलीकडे वसलेले आहे. मूळ गाव जुने आहे. परंतु आज चारकोप म्हटल्यावर जो सेक्टरांचा विस्तार डोळ्यांपुढे येतो, तो जागतिक बँकेच्या साहाय्याने १९८५ ते १९९४ या काळात राबवलेल्या मुंबई नागरी विकास प्रकल्पातून, म्हाडाच्या हातून उभा राहिला. या योजनेत तयार घर देण्याऐवजी रस्ता, पाणी आणि मलनिःसारणाची सोय असलेला लहानसा भूखंड कुटुंबाला दिला जाई आणि त्यावर त्या कुटुंबाने ऐपतीप्रमाणे घर बांधावे व सवडीने वाढवावे, अशी कल्पना होती. त्याप्रमाणे मोकळ्या चौकाभोवती खेटून बांधलेली बैठी घरे हळूहळू एक-दोन मजले चढत गेली. पत्ता सांगताना मात्र आजही सेक्टर आणि प्लॉट नंबरच सांगितला जातो. छायाचित्रणाच्या दृष्टीने या रचनेचे परिणाम ठळक आहेत. बाजूच्या भिंती शेजारच्या घरांना लागून असल्यामुळे खोलीत उजेड येतो तो दारातून व पुढच्या खिडकीतून, म्हणजे एकाच बाजूने. खोली लहान असल्यामुळे छायाचित्रकाराला मागे सरकायला जागा नसते. आणि समोरासमोरच्या घरांवर मजले चढल्यामुळे गल्लीच्या तळाशी थेट ऊन दिवसाचे थोडेच तास पोहोचते. कॅमेऱ्याची निवड या तीन गोष्टींवर ठरते, जाहिरातीतल्या आकड्यांवर नाही.

मुंबईत कॅमेरा फार लवकर पोहोचला. पॅरिसमध्ये दागेरच्या छायाचित्रण-प्रक्रियेची घोषणा १८३९ मध्ये झाली आणि १८५४ मध्ये मुंबईत छायाचित्रकारांची संस्था, फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे, स्थापन झालेली होती; डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांची गणना तिच्या कामात भाग घेणाऱ्या आरंभीच्या भारतीय छायाचित्रकारांत होते. हा इतिहास येथे विस्ताराने सांगण्याचे कारण नाही, परंतु त्यातील दोन प्रसंग नवशिक्याला उपयोगी आहेत. धुंडिराज गोविंद फाळके यांनी १९१२ मध्ये लंडनहून विल्यमसन बनावटीचा चित्रपट-कॅमेरा मिळवल्यावर 'राजा हरिश्चंद्र' हाती घेण्यापूर्वी वाटाण्याच्या रोपाची वाढ टप्प्याटप्प्याने चित्रित केली आणि त्या छोट्या चित्रफितीच्या बळावर भांडवल उभे केले. नव्या यंत्राची ओळख करून घेण्यासाठी त्यांना घरातल्या एका रोपाहून मोठा विषय लागला नाही, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. दुसरा प्रसंग होमाई व्यारावाला यांचा. जे. जे. कलाशाळेत शिकत असताना त्यांनी १९३० च्या दशकातील मुंबईचे साधे, नित्याचे जीवन टिपले आणि पुढे वृत्तछायाचित्रकार म्हणून ज्या रोलायफ्लेक्स कॅमेऱ्याशी त्यांचे नाव जोडले गेले, त्याची लेन्स बदलता येत नसे. विषय मोठा हवा असेल तर दोन पावले पुढे जाणे, एवढाच उपाय होता. एकाच लेन्सवर नजर घडवण्याची ही शिस्त आजच्या नवशिक्यालाही तितकीच लागू आहे, हे पुढील विवेचनात दिसेल.

स्वातंत्र्योत्तर काळात अनेक घरांनी आग्फा क्लिक-३ हा भारतात तयार होणारा साधा कॅमेरा वापरला. १२० क्रमांकाच्या रोलवर त्यात बारा चौकोनी छायाचित्रे येत आणि मोजक्या खुणांपलीकडे फिरवण्यासारखे त्यात फारसे काही नसे. नंतर ३५ मिलिमीटरच्या रोलवर ३६ छायाचित्रे मिळू लागली, तरी रोल धुणे व छापणे खर्चाचे असल्यामुळे प्रत्येक वेळी बटण दाबण्याआधी विचार होई. अंकीय कॅमेऱ्याने तो खर्च संपवला. त्यामुळे रोजचे छायाचित्रण सामान्य घराच्या आवाक्यात प्रथमच आले, आणि मोबाइलने तर ते प्रत्येकाच्या खिशात आणून ठेवले.

म्हणून पहिला प्रश्न मोबाइलचाच घ्यावा लागतो. हातात चांगला मोबाइल असताना वेगळा कॅमेरा का घ्यावा, याचे उत्तर प्रामाणिकपणे द्यायचे तर पुष्कळांनी तो घेऊ नये असेच द्यावे लागेल. आजचे मोबाइल एका दाबात अनेक छायाचित्रे घेतात, ती जुळवून एकच चित्र तयार करतात आणि त्यायोगे लहान सेन्सरची उणीव बरीचशी भरून काढतात. सेन्सर म्हणजे लेन्समधून आलेला प्रकाश ज्यावर पडतो व विद्युतसंकेतात बदलतो, तो कॅमेऱ्यातील पृष्ठभाग. दिवसा, स्थिर विषयावर आणि पडद्यावर पाहण्यापुरते छायाचित्र हवे असेल, तर मोबाइल पुरतो. तो कमी पडतो तो नेमका चारकोपच्या घरात रात्री आठ वाजता, जेव्हा खोलीत एकच ट्यूबलाइट असते आणि मूल एका जागी बसत नाही; कारण अनेक चित्रे जुळवण्याची युक्ती हलणाऱ्या विषयावर तितकीशी चालत नाही आणि चेहरा मेणासारखा गुळगुळीत किंवा पुसट येतो. ज्याला ही उणीव वारंवार खटकते त्याने कॅमेऱ्याचा विचार करावा. ज्याला ती कधी जाणवलीच नाही त्याने पैसे राखून ठेवावेत.

दुकानात सर्वांत आधी सांगितला जाणारा आकडा मेगापिक्सेलचा असतो आणि नवशिक्याच्या दृष्टीने तोच सर्वांत कमी महत्त्वाचा आहे. छायाचित्र ज्या सूक्ष्म बिंदूंनी बनते त्यांची दशलक्षांतील संख्या म्हणजे मेगापिक्सेल. ६ बाय ४ इंचांची नेहमीची प्रत इंचाला ३०० बिंदू या उत्तम दर्जाने छापायची तर १८०० गुणिले १२००, म्हणजे जेमतेम २२ लाख बिंदू लागतात. ए-४ आकाराच्या प्रतीला सुमारे ८७ लाख पुरतात. बाजारातील प्राथमिक वर्गाचे कॅमेरे आज २० ते २४ मेगापिक्सेलचे आहेत, तेव्हा या बाबतीत निवड करण्यासारखे काही उरलेलेच नाही. पाहायचा तो सेन्सरचा आकार. 'फुल फ्रेम' म्हणजे जुन्या रोलच्या चौकटीएवढा, ३६ बाय २४ मिलिमीटरचा सेन्सर महाग पडतो आणि त्याच्या लेन्स जड असतात. 'एपीएस-सी' हा सुमारे २३.५ बाय १५.६ मिलिमीटरचा, कॅननमध्ये त्याहून किंचित लहान, सेन्सर मोबाइलच्या सेन्सरपेक्षा कितीतरी मोठा असून किंमत, वजन आणि कमी उजेडातील कामगिरी यांचा मेळ त्यात उत्तम बसतो. नवशिक्यासाठी हाच आकार योग्य होय.

यानंतरचा आणि खरा निर्णायक घटक म्हणजे लेन्स. लेन्सवर लिहिलेला मिलिमीटरचा आकडा तिचे नाभीय अंतर दर्शवतो. तो जितका लहान तितके दृश्य रुंद, आणि जितका मोठा तितका दूरचा विषय जवळ दिसतो. नवशिक्याला सर्वत्र मिळणारा सल्ला असा की, कॅमेऱ्यासोबत आलेल्या लेन्सनंतर ५० मिलिमीटरची, एफ/१.८ ची स्वस्त लेन्स घ्यावी. सल्ला जुना आहे आणि रोलच्या कॅमेऱ्यावर तो बरोबरही होता. परंतु एपीएस-सी सेन्सरवर, दहा फुटांच्या खोलीत, तो टिकत नाही. हिशेब अगदी सरळ आहे. सेन्सरची रुंदी भागिले नाभीय अंतर, गुणिले विषयापर्यंतचे अंतर केले की चौकटीत मावणारी रुंदी मिळते. खोलीच्या एका भिंतीला पाठ टेकून दहा फुटांवरच्या देव्हाऱ्याकडे पाहिले असता ५० मिलिमीटरच्या लेन्समध्ये ४.७ फूट रुंदीचे दृश्य मावते, ३५ मिलिमीटरच्या लेन्समध्ये ६.७ फूट, २४ मिलिमीटरच्या लेन्समध्ये ९.८ फूट आणि १८ मिलिमीटरच्या लेन्समध्ये १३ फूट. आरतीला उभ्या राहिलेल्या सहा माणसांच्या कुटुंबाला खांद्याला खांदा लावून उभे केले तरी साडेआठ-नऊ फूट लागतात. याचा अर्थ असा की, ५० ची लेन्स घेणाऱ्याला आई आणि बाळ मिळेल, समई मिळेल, पण कुटुंब मिळणार नाही. त्यासाठी त्याला दाराबाहेर पायरीवर उतरून उंबऱ्याच्या चौकटीतून छायाचित्र घ्यावे लागेल. २४ ते २८ मिलिमीटरच्या लेन्समध्ये मात्र खोलीही जवळजवळ मावते आणि, दोन पावले पुढे गेल्यास, एकटा चेहराही वाकडा न होता मिळतो. १८ मिलिमीटरमध्ये जागा भरपूर मिळते, परंतु कडेला उभ्या राहिलेल्या माणसाचा चेहरा ताणला जातो, आणि ही तक्रार घरातली मंडळी छायाचित्र पाहताक्षणीच करतात.

लेन्सवरचा दुसरा आकडा, 'एफ' च्या पुढचा, प्रकाशाचा आहे. नाभीय अंतराला लेन्समधील छिद्राच्या व्यासाने भागले असता हा आकडा मिळतो. म्हणून ५० मिलिमीटरच्या लेन्सचे छिद्र २५ मिलिमीटरचे असेल तर ती एफ/२ वर आहे असे म्हणतात, आणि आकडा लहान असेल तितका प्रकाश अधिक आत येतो. कॅमेऱ्यासोबत मिळणारी १८-५५ मिलिमीटरची तथाकथित किट लेन्स रुंद टोकाला एफ/३.५ आणि दूरच्या टोकाला एफ/५.६ इतकीच उघडते, तर एकाच नाभीय अंतराची उजळ लेन्स एफ/१.८ पर्यंत उघडते. एफ/५.६ आणि एफ/१.८ यांमध्ये प्रकाशाचा फरक जवळजवळ दहापट आहे. हा दहापट फरक प्रत्यक्षात काय करतो, हे समजण्यासाठी आणखी दोन संज्ञा लागतात. शटर किती वेळ उघडे राहते तो काळ, म्हणजे शटरगती, सेकंदाच्या अंशांत सांगितली जाते; आणि सेन्सरकडून आलेला संकेत किती वाढवून घ्यायचा ते 'आयएसओ' या आकड्याने ठरते, जो वाढवत नेला की चित्रात दाणेदारपणा येतो.

एका ट्यूबलाइटच्या उजेडात, ढोबळ हिशेबाने, शटर सेकंदाच्या शंभराव्या भागाएवढे उघडे ठेवायचे असेल तर एफ/५.६ वर आयएसओ सुमारे ५००० न्यावा लागतो, एफ/१.८ वर तेच काम ५०० मध्ये होते. ५००० वर काळे केस आणि सावलीतला कोपरा दाण्यांनी भरून जातो. ५०० वर साडीचा काठ, कपाळावरची टिकली, भिंतीवरच्या कॅलेंडरचे आकडे स्पष्ट दिसतात. येथे किट लेन्सवर अन्याय होऊ नये. तिच्या रुंद टोकाला, एफ/३.५ वर, हाच आकडा १९०० च्या आसपास राहतो आणि आजच्या सेन्सरवर तो सहज चालतो; म्हणून जिला पहिले वर्ष किट लेन्सवरच काढायचे आहे तिने घरात ती रुंद टोकाला ठेवावी आणि झूम करण्याऐवजी पुढे सरकावे. लेन्समधील कंपरोधक यंत्रणेवरही नवशिक्याने फार विसंबून राहू नये. ती छायाचित्रकाराच्या हाताची थरथर सावरते, समोरच्या मुलाची धावपळ नाही.

शटरगतीसाठी शंभरावा भाग निवडण्यालाही कारण आहे. भारतात विजेचा प्रवाह सेकंदाला ५० आवर्तनांचा असतो आणि त्यामुळे ट्यूबलाइट व अनेक एलईडी दिवे सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होतात. डोळ्यांना ते जाणवत नाही, परंतु शटर याहून बरेच जलद ठेवले, विशेषतः आवाजरहित इलेक्ट्रॉनिक शटर वापरले, तर छायाचित्रावर आडवे काळपट पट्टे उमटतात. पुष्कळ नवशिके यामुळे कॅमेरा बिघडला असे समजून सर्व्हिस सेंटर गाठतात. शटर १/५० किंवा १/१०० वर ठेवले आणि यांत्रिक शटर निवडले की पट्टे बहुधा नाहीसे होतात.

दिवसाच्या उजेडाचा प्रश्न निराळा. चारकोपच्या घरात सकाळी दारातून येणारा उजेड हा माणसाच्या चेहऱ्यासाठी मिळू शकणारा सर्वांत सुंदर उजेड आहे, आणि त्यासाठी एक पैसाही खर्च करावा लागत नाही. आजीला उंबऱ्यापासून तीन-चार फूट आत, दाराकडे अर्धवट तोंड करून बसवले की चेहऱ्याची एक बाजू उजळते, दुसरी हळूहळू सावलीत जाते आणि सुरकुती न् सुरकुती मायेने दिसते. मात्र तिला दारात बसवून आतून छायाचित्र घेतले तर मागच्या झगमगाटामुळे ती काळी पडते. कारण कॅमेऱ्याचा प्रकाशमापक साऱ्या दृश्याची सरासरी मध्यम करड्या छटेइतकी धरून चालतो. अशा वेळी उजळपणाची भरपाई, म्हणजे अधिक-उणे चिन्ह असलेले बटण किंवा चकती, एक-दोन घरे अधिककडे फिरवावी लागते. ही सोय हाताशी, मेनूच्या पोटात न शिरता मिळते की नाही, हे दुकानातच तपासावे.

दुपारच्या उन्हात, चौकात किंवा गच्चीवर, मागचा पडदा दिसेनासा होतो. म्हणून डोळ्याला लावून पाहण्याची खिडकी, व्ह्यूफाइंडर, ही मुंबईत चैन नसून गरज आहे. निकॉनचा झेड ३० आणि सोनीचा झेडव्ही-ई१० हे कॅमेरे मुख्यतः व्हिडिओसाठी बेतलेले असून त्यांत व्ह्यूफाइंडर नाही. कॅननचा ईओएस आर५०, निकॉनचा झेड ५० आणि सोनीचा ए६४०० यांत तो आहे. कॅननचा आर१०० स्वस्त आहे, त्यात व्ह्यूफाइंडरही आहे, परंतु त्याचा पडदा एकाच जागी बसवलेला असून स्पर्शाला प्रतिसाद देत नाही. ज्याचे बोट मोबाइलला सरावले आहे त्याला हे अडते, आणि जमिनीवर रांगणाऱ्या बाळाच्या उंचीवर कॅमेरा नेताना तर फारच अडते. आर५० चे वजन बॅटरी व कार्डासह ३७५ ग्रॅम आहे आणि त्यावर बसणारी कॅननची २८ मिलिमीटर एफ/२.८ लेन्स १२० ग्रॅमची आहे. म्हणजे सारा ऐवज अर्ध्या किलोच्या आत राहतो. निकॉन झेड ५० सोबत त्याच कंपनीची २४ मिलिमीटर एफ/१.७ लेन्स घेतल्यास वजन सहाशे ग्रॅमच्या आत राहते आणि प्रकाश त्याहून अधिक मिळतो. भाजी आणायला जाताना खांद्याला अडकवला तर विसर पडावा इतकेच वजन रोजच्या कॅमेऱ्याचे असावे.

कॅनन, निकॉन व सोनीचे वर उल्लेखिलेले सर्व कॅमेरे 'मिररलेस' प्रकारचे आहेत. जुन्या 'डीएसएलआर' प्रकारात लेन्समधून आलेला प्रकाश आरशावरून परावर्तित होऊन डोळ्यापर्यंत जाई आणि छायाचित्र घेताना आरसा उचलला जाई. मिररलेसमध्ये आरसा काढून टाकल्यामुळे कॅमेरा लहान झाला आणि व्ह्यूफाइंडरमध्ये होणारे छायाचित्र आधीच दिसू लागले. शिकणाऱ्याच्या दृष्टीने हा मोठा लाभ आहे, कारण चूक बटण दाबण्यापूर्वी दिसते. कॅनन आणि निकॉन या दोन्ही कंपन्यांनी २०१८ मध्ये मिररलेससाठी नवे लेन्स-माउंट, म्हणजे लेन्स जोडण्याची कडी, आणले आणि तेव्हापासून त्यांचे लक्ष तिकडेच आहे. तथापि ज्याचा हात आखडता आहे त्याने वापरलेला डीएसएलआर घेण्यात कमीपणा मानू नये. मिररलेसकडे वळलेल्या हौशी मंडळींनी विकायला काढलेले चांगले कॅमेरे बाजारात पुष्कळ आहेत आणि त्यांतून येणारे छायाचित्र आजही उत्तम आहे.

ही खरेदी करायची तर फोर्टातील बोरा बाजार परिसरात जावे. कांदिवलीहून चर्चगेट लोकलने अर्धा दिवस मोडतो, पण तेथे नवे-जुने कॅमेरे हाताळून पाहता येतात, आणि हाताळल्याशिवाय कॅमेरा घेऊच नये. वापरलेल्या कॅमेऱ्याचे शटर किती वेळा उघडले आहे, हे विचारावे. प्राथमिक वर्गातील शटर साधारण एक लाख वेळांच्या हिशेबाने बनवलेले असते. लेन्सच्या एका बाजूने मोबाइलचा टॉर्च लावून दुसऱ्या बाजूने पाहावे, म्हणजे आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी असेल तर दिसते; ती दिसली की सौदा तेथेच थांबवावा. पांढऱ्या भिंतीचे एफ/१६ वर एक छायाचित्र घेतले की सेन्सरवरची धूळ काळ्या ठिपक्यांच्या रूपाने उघड होते. निकॉनचे डी३५०० सारखे स्वस्त डीएसएलआर घेताना लेन्सवर 'एएफ-एस' किंवा 'एएफ-पी' ही अक्षरे आहेत ना, हे पाहावे, कारण कॅमेऱ्यात मोटर नसल्यामुळे जुन्या लेन्स त्यावर आपोआप फोकस होत नाहीत. नवा कॅमेरा घेताना बिल आणि भारतातील वॉरंटी यांबाबत तडजोड करू नये. बिलाशिवाय माल स्वस्त देऊ करणारा विक्रेता ग्राहकाचा वॉरंटीचा हक्कच विकत घेत असतो. १ जानेवारी २०१९ पासून डिजिटल कॅमेऱ्यांवरील वस्तू व सेवा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हा ही बचत पूर्वीइतकी मोठीही उरलेली नाही.

बुरशीचा उल्लेख वर आला. खाडीलगतच्या वस्तीत, जून ते सप्टेंबर या महिन्यांत, ती कॅमेऱ्याची सर्वांत मोठी शत्रू ठरते. कॅमेऱ्यासोबत घेतलेली बंद बॅग कपाटात ठेवणे म्हणजे बुरशीला आमंत्रण होय. स्वयंपाकघरातला घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा आणि त्यात सिलिका जेलचे खडे एवढी व्यवस्था पुरते. निळे खडे गुलाबी झाले की ते गरम करून पुन्हा वापरता येतात. याहून चांगला उपाय म्हणजे कॅमेरा रोज बाहेर काढणे, कारण उजेड आणि मोकळी हवा मिळणाऱ्या लेन्सवर बुरशी सहसा धरत नाही.

चारकोपभोवतालचे काही विषय नवशिक्याला मोठ्या झूमचा मोह पाडतात. खाडीकडे गेले की तिवरांत बगळे आणि खंड्या दिसतात. माघी गणेशोत्सवात 'चारकोपचा राजा' ची उंच मूर्ती पाहायला गर्दी लोटते. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीची शंभराहून अधिक लेणी आहेत. यांतील पक्ष्यांना खरोखरच २०० ते ३०० मिलिमीटरची लेन्स लागते. परंतु उंच मूर्तीसाठी गल्लीतून रुंद लेन्सच हवी, आणि कान्हेरीच्या चैत्यगृहातील अंधुक उजेडात झूमपेक्षा उजळ लेन्सच कामी येते. म्हणजे तीनपैकी दोन ठिकाणी घरासाठी निवडलेलीच लेन्स चालते. पक्ष्यांचे वेड लागले तर ती लेन्स नंतर घेता येईल. पहिल्या वर्षात ती बहुधा डब्यातच राहते.

निर्णय असा. चारकोपसारख्या वस्तीत राहणाऱ्या आणि रोजचे जगणे टिपू इच्छिणाऱ्या नवशिक्याने एपीएस-सी सेन्सरचा, व्ह्यूफाइंडर असलेला, लेन्ससह सहाशे ग्रॅमच्या आतला मिररलेस कॅमेरा घ्यावा, त्यावर २४ ते २८ मिलिमीटरची एकच लेन्स लावावी आणि वर्षभर ती बदलू नये. पैसे कमी पडत असतील तर ते कॅमेऱ्याच्या अंगातून कापावेत, लेन्समधून कापू नयेत. त्याहूनही कमी असतील तर वापरलेला डीएसएलआर व किट लेन्स घ्यावी. मात्र केवळ कॅमेऱ्याने काम भागत नाही. छायाचित्रकार सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे कष्टाचे जीवन वर्षानुवर्षे टिपले, त्याची दखल जगाने घेतली. ती त्यांच्या चिकाटीमुळे आणि त्या माणसांशी जडलेल्या नात्यामुळे. शेजारच्या माणसांना विचारून, त्यांच्या राजीखुशीने छायाचित्र घेण्याचा रिवाज नवशिक्याने पहिल्या दिवसापासून पाळावा, आणि एक प्रत त्यांना नेऊन द्यावी.

अखेरीस चारकोपच्या वाचकांना एक विनंती. म्हाडाच्या योजनेतील पहिली बैठी घरे झपाट्याने रूप बदलत आहेत, आणि ती कशी होती, चौकात पहिला नळ कुठे होता, पहिल्या पावसात गल्लीत पाणी कुठवर चढले, हे सांगणारी छायाचित्रे कुणाकुणाच्या जुन्या अल्बममध्ये चिकटून पडलेली आहेत. नवा कॅमेरा घरी आला की खिडकीच्या उजेडात त्या अल्बममधील प्रत्येक छायाचित्राची प्रत काढावी, आणि नव्या छायाचित्रांतूनही दरवर्षी पन्नास निवडून छापून घ्यावीत. प्रत्येक प्रतीच्या मागे पेन्सिलीने तारीख, सेक्टर, प्लॉट नंबर आणि माणसांची पूर्ण नावे लिहावीत.